सुतारमेट रिकामं करताना

घर बदलायचं ठरलं तेव्हा आमचा सगळ्यांचा अंदाज होता की वेळ लागेल तो घरातल्या सामानाला. प्रत्यक्षात भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कपाटं, देव्हारा, आईच्या लोणच्याच्या बरण्या असं सगळं दोन दिवसांत पलूसला पोचलं. परसातला गोठा आणि त्याला लागून असलेलं आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सुतारमेट (सुतारकामाची जागा) रिकामं करायला मात्र मला आणि आण्णांच्या हाताखाली काम केलेल्या बापूंना साडेपाच आठवडे लागले. १ मेला सुरुवात केली आणि ८ जूनला शेवटची पाटी उचलली. मिरगाच्या आत जागा मोकळी करून देतो असा शब्द दिला होता, तो जेमतेम पाळला गेला.

आमचं गाव भिलवडीच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर. २००५ ला पाणी गोठ्यात आलं, २०१९ ला तुळईच्या जवळ गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वेळी आई-आण्णा गावाबाहेर एका शाळेत राहिले आणि पाणी उतरल्यावर पंधरा दिवस नुसता गाळ उपसत होते. २०२२ ला आण्णा गेले. त्यानंतर दर पावसाळ्यात रात्री-अपरात्री कोयनेतून किती क्युसेक सोडलं याच्या बातम्या बघत बसायचं आणि सकाळी आईला फोन करायचा, हे मला सोसेना. पलूसला उंचावर घर बांधलं आणि गावातली जागा शेजाऱ्यांनाच द्यायचं ठरवलं. त्यांना इमारत तशीच हवी होती, खताची पोती आणि ठिबकच्या नळ्या ठेवायला. आतलं सगळं काढून द्यायचं, एवढीच अट.

ती इमारत एकच, पण भाग दोन. पूर्वेकडं गोठा. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, आत दगडी गव्हाण आणि कडबा टाकायचा माळा. पश्चिमेकडं मेट. विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, मधोमध कामाचा बाक. मधल्या भिंतीला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात गेलेली चीर अजून होती. आई सासरी येण्याआधीची ती गोष्ट, तरी पाहुणा आला की ती चीर आईच दाखवायची.

आज्जा गावचा बलुतेदार सुतार. बैलगाड्या, कुळव, पाभरी, नांगर, पाळणे, तिरड्यासुद्धा. आण्णा १९६८ ला किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लागले. ही वाडी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या उजाड माळावर वसवली, आणि आमच्या भागातल्या कितीतरी सुतार-लोहारांच्या पोरांना तिनं कारखान्याचं काम शिकवलं. आण्णा तिथं पॅटर्न शॉपला होते. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कुठलीही वस्तू ओतायची तर ती आधी लाकडात करावी लागते. तिचा वाळूत ठसा घ्यायचा, ती अलगद उचलायची आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. त्या लाकडी वस्तूला कारखान्यात पॅटर्न म्हणतात, आण्णा घरी साचा म्हणायचे. नोकरी सोडल्यावर त्यांनी आज्ज्याच्या मेटातच लहान-मोठ्या फौंड्र्यांचे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचे, साचे करायला सुरुवात केली. बापू तेव्हापासून त्यांच्या हाताखाली. आज बापूंचं वय सत्तर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पण साच्याच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवला की कुठं उंचवटा राहिलाय ते अजून सांगतात.

पहिल्याच रविवारी आमच्याकडून चूक झाली. धाकटा भाऊ पुण्याहून आला होता, हाताशी एकच दिवस, म्हणून त्यानं भंगारवाल्याचा टेम्पो बोलावून ठेवला होता. दाराजवळचा ढीग आम्ही न बघताच भरून दिला. तुटके पाइप, गंजलेले बोल्ट, मोडका पंखा, दोन-तीन जड डबे. संध्याकाळी बापू आले, दारातच थांबले आणि म्हणाले, “आक्का, हितला अक्षरांचा डबा कुटं हाय?”

अक्षरांचा डबा म्हणजे काय, तेच मला माहीत नव्हतं. पंपावर, इंजिनावर, गिरणीच्या जात्यावर कारखान्याचं नाव उठलेलं असतं. ते यायचं तर साच्यावर आधी शिशाची बारीक अक्षरं चिकटवावी लागतात. आण्णांनी चाळीस वर्षांत जमवलेली अक्षरं त्या डब्यात होती, नागरीही आणि इंग्रजीही. शिसं जड, म्हणून डबा जड. भंगारवाल्याच्या काट्यावर तो चांगला भरला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्याच्या वखारीत हजर. माणूस भला. ढीग अजून वेगळा केलेला नव्हता. तो आणि मी उकिडवं बसून दोन तास हातानं चाळत राहिलो. डबा मिळाला, पण झाकण निघून अक्षरं सांडली होती. जेवढी सापडली तेवढी त्यानं ज्या भावानं घेतली होती त्याच भावानं परत दिली. घरी येऊन बापूंनी ती पेपरवर मांडली. ‘कि’ची वेलांटी, ‘र्ल’, ‘स्क’ अशी जोडाक्षरं आण्णांनी स्वतः कानशीनं घासून बनवलेली होती, कारण तयार संचात नागरी जोडाक्षरं मिळायची नाहीत. बोटाच्या पेरापेक्षा लहान ‘स्क’. त्याच्या पोटातली पोकळी इतकी स्वच्छ की सुईच्या टोकालाही खरखर लागत नव्हती. हे मी ३२ रुपये किलोच्या लोखंडाबरोबर देऊन टाकलं होतं.

त्या दिवशी ठरवलं की बापूंनी बघितल्याशिवाय खिळासुद्धा बाहेर जाणार नाही. ज्या वस्तूचं नाव मला सांगता येत नाही, ती टाकायचा अधिकार मला नाही.

मग रोजचं काम एका चालीला लागलं. मी तासगावला शिक्षिका आहे, मेची सुट्टी होती. सकाळी सहा ते दहा आणि ऊन उतरल्यावर चार ते सात. मधल्या वेळेत पत्र्याखाली उभं राहवत नाही. बापू दारातल्या बाजेवर बसायचे, मी आतून एकेक वस्तू आणून समोर धरायची. ते नाव सांगायचे, काम सांगायचे, कुणाला उपयोगी पडेल तेही सांगायचे. मी शंभरपानी वहीत लिहायची आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेनं वस्तूला बांधायची. कुणाला वाटेल, यात फार वेळ गेला. गेला. पण चिठ्ठी बांधलेल्या वस्तूला घेणारा मिळतो, बिनचिठ्ठीची वस्तू भंगारातच जाते, हे आठवड्याभरात कळलं. हातमोजे आणि पायात बूट मात्र पहिल्या दिवसापासून. लाकडाच्या ढिगाखाली विंचू निघाले, माळ्यावर हातभर कात मिळाली.

गोठ्यात आई तरबेज. ती म्हणेल तेच नाव खरं. चाडं, रुमणं, शिवळा, कुळवाचं दिंड, मोहरक्या, घुंगरमाळा. आज्ज्याचा लाकडी नांगर आणि त्याच्या शेजारी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर, दोन्ही माळ्याखाली एकमेकांना टेकून उभे होते. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं, असं म्हणून सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. १९०३ च्या त्या पहिल्या नांगराच्या वेळच्या या गोष्टी आण्णा आवडीनं सांगायचे. ओगलेवाडीचा एक प्रभाकर कंदील मिळाला, काच शाबूत. आज्ज्याची बलुत्याची वही मिळाली. बाभळीची दोन दिंडं, जोंधळे चार पायल्या. पाळणा, बाजरी दोन पायल्या. एका पानावर नुसतंच ‘पुढल्या सुगीला’ असं लिहून ठेवलेलं आणि पुढं काहीच नाही.

मला वाटत होतं, आईचा जीव घुंगरमाळांत अडकेल. कुठली माळ कुठल्या बैलाची हे तिला आजही पाठ आहे. पण ती सगळ्या माळा शेजारच्या गावच्या एका बैलवाल्याला देऊन मोकळी झाली. “आगं, जनावरं गेल्यावर नुसती दावण पुजायची व्हय? लोखंडाला हात लागला न्हाई की गंज धरतोय, तसंच चामड्याचं,” असं म्हणाली. बेंदराला त्या माळा बैलांच्या गळ्यात वाजतील, एवढंच तिला पुरेसं होतं.

आता जरा काळजीच्या गोष्टी सांगते, कारण जुना गोठा आवरणाऱ्या प्रत्येकाला त्या भेटणार आहेत.

चुलते काही वर्षं याच मेटात गॅस वेल्डिंग करायचे. कोपऱ्यात कार्बाइडचे दोन पत्र्याचे ड्रम होते. कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन गॅस सुटतो आणि मागं चुना उरतो. एका ड्रमचं झाकण सडलेलं होतं. उघडला तर आत काठोकाठ पांढरा, दगडासारखा घट्ट चुना. पुराचं पाणी आत जाऊन तो कधीच विझला होता. ज्या दिवशी तो विझला, त्या दिवशी बंद मेटात केवढा गॅस कोंडला असेल, या विचारानं माझ्या पोटात गोळा आला. दुसरा ड्रम सीलबंद होता. मी छिन्नी हातात घेतली होती, बापूंनी मनगट धरलं. “ठिणगी पडली तर छप्पर जाईल. ह्यो हितं उघडायचा न्हाई.” ड्रमजवळ नाक नेलं तर लसणासारखा उग्र वास येत होता, म्हणजे थोडी हवा आत जातच होती. चौघांनी तो उचलून उघड्या रानात सावलीत ठेवला, आणि तासगावचा एक जुना वेल्डर दोन दिवसांनी येऊन तो नीट घेऊन गेला. मधल्या काळात एकानं तो आंबे पिकवायला मागितला, चांगले पैसे सांगितले. कार्बाइडनं फळं पिकवायला बंदी आहे आणि ती योग्य कारणासाठी आहे. मी नाही म्हणून सांगितलं.

दुसरी गोष्ट शेतातल्या किडीच्या औषधांची. माळ्याच्या कडेला एक डबा बीएचसी पावडरचा आणि एक पुडा फोरेटचा मिळाला. बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे. फोरेट उसाच्या हुमणीला सगळेच घालायचे, त्यावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आली. ही औषधं घरात आहेत हे आईलाही माहीत नव्हतं. कृषी सहायकांना विचारलं. ओढ्यात-विहिरीत टाकायचं नाही, जाळायचं नाही, उकिरड्यात पुरायचं नाही, रिकामा डबासुद्धा भंगारात द्यायचा नाही, एवढं त्यांनी बजावलं. घेऊन जाणारी सोय मात्र मला जवळपास कुठं मिळाली नाही. दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या, त्यावर घट्ट झाकणाचा पिंप, पिंपावर लाल अक्षरांत नाव आणि ‘विष’ असं लिहून तो पलूसच्या घराबाहेरच्या खोलीत कुलपात ठेवलाय. नदीकाठच्या गोठ्यात तो आणखी एका पुराची वाट बघत बसला असता, यापेक्षा हे बरं. पण या कामाचा हा एक धागा अजून सुटा आहे आणि तो मला टोचतो. गावोगाव असे किती पुडे माळ्यांवर पडले असतील!

इंजिनाचं काम त्या मानानं सोपं गेलं. सातारा रोडच्या कूपर कारखान्याचं जुनं डिझेल इंजिन होतं, वीज येण्याआधी करवतीचा पट्टा त्यावर फिरायचा. धनजीशा कूपर, जे १९३७ ला मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान (आजच्या मुख्यमंत्र्यांसारखं पद) झाले, त्यांचा हा कारखाना. जुनी इंजिनं चालू करायचा नाद असलेला खटावकडचा एक पोरगा स्वतः क्रेन घेऊन आला. आठ दिवसांनी त्यानं इंजिनाचा आवाज फोनवर ऐकवला. बापूंनी फोन कानाला लावून पूर्ण ऐकला आणि “नोझल जरा चोंदलाय,” एवढंच बोलले.

खरा वेळ गेला तो बैलगाडीच्या चाकांपाशी आणि आण्णांच्या साच्यांपाशी.

चाकांची जोडी गव्हाणीमागं उभी होती. आज्ज्यानं केलेली शेवटची. मधे बाभळीचा तुंबा, बाभळीचेच आरे आणि पुठ्ठे (कडेचे लाकडी तुकडे), वर लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी. मी सात-आठ वर्षांची असताना धाव बसवताना बघितलं होतं. परसात गोवऱ्यांचा मोठा गोल रचायचे, त्यात धाव पुरून पेटवायचे. धाव लाल झाली की चौघे जण लांब सांडशांनी ती उचलून जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकायचे. लाकूड धुरायचं, ज्वाळा निघायच्या, आज्जा घणानं ठोकत चाकाभोवती पळायचा आणि बायका घागरींनी पाणी ओतायच्या. पाणी पडलं की चाक कडकड बोलायला लागायचं. प्रत्येक सांधा आपोआप आत दाबला जायचा. खिळा नाही, सरस नाही. निवणाऱ्या लोखंडाच्या आवळण्यावर सगळं चाक उभं.

चाकांबरोबर दांड्याला बसवलेली एक लाकडी चकती मिळाली. ती चाकाच्या कडेवरून फिरवायची, फेरे मोजायचे, मग तीच धावेच्या पट्टीवरून फिरवायची. धाव चाकापेक्षा किती लहान ठेवायची हे त्या फेऱ्यांवर ठरायचं. “ल्हान का?” मी विचारलं. बापू म्हणाले, “तापलं की लोखंड वाढतंय. वाढल्यावर बसवायचं, निवल्यावर आखडतंय. मापातच केली तर ढिली ऱ्हाईल.”

त्याच दिवशी संध्याकाळी बाकाच्या खणात आण्णांची दोन फुटी पोलादी पट्टी सापडली. ती बघून मला माझी सातवी आठवली. माझी कंपासपेटीतली पट्टी मोडली होती म्हणून मी शाळेत ही नेली. तिनं काढलेला चौकोन बाईंनी मोजला, माप चुकीचं आलं आणि चूक म्हणून त्यावर रेघ ओढून मिळाली. घरी येऊन मी रडले होते, आणि आण्णा त्या दिवशी गप्प बसले होते. दुसऱ्या दिवशी नवी लाकडी पट्टी आणून दिली, बस. एवढी वर्षं माझी समजूत अशी की ती पट्टी खराब आहे.

बापूंनी माझ्या हातातली साधी पट्टी घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. एका टोकाला दोन्ही जुळवल्या. पहिल्या इंचाला काही कळत नव्हतं. बाराव्या इंचाला आण्णांच्या पट्टीची रेघ एक सूतभर पुढं. बीड ओतल्यावर निवताना फुटामागं साधारण एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, आखडतं. म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच फुटाला एक सूत लांब केलेली असते. पितळेची पट्टी आणखी वेगळी, कारण पितळ जास्त आखडतं, फुटाला दीड सूत.

मी पट्टी हातात धरून बाजेच्या कडेला बसले. आज्जा धाव लहान करायचा, कारण तापलेलं लोखंड वाढतं. आण्णा साचा मोठा करायचे, कारण निवणारं लोखंड आखडतं. आज्ज्याची बैलगाडी गेली आणि आण्णांनी घराण्याची विद्या सोडून नोकरी धरली, असं भावकीतले लोक बोलायचे, आज्जाही शेवटपर्यंत मनात धरून होता. विद्या तीच होती. बापलेकांच्या हातात तिची दोन टोकं होती. हे आण्णांना आज्ज्याला कधी सांगता आलं का, मला माहीत नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, “दोघं बी कमी बोलायचं गं. पर धाव बसवायची असली की ह्ये रजा टाकून यायचं.”

हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं चाकांच्या जोडीला आठ हजार रुपये सांगितले, दारात लाइट लावून उभी करायला. भावाचं म्हणणं द्यावीत. मी अडून बसले. शेवटी ती शेजारच्या गावच्या देवाच्या रथाला दिली. त्यांचं एक चाक पुठ्ठ्यात उकललं होतं. बापूंनी दोन आरे बदलून दिले. पैसे घेतले नाहीत. भावाला ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही, आणि त्याचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. टेम्पोची भाडी त्यानंच भरली होती.

साचे मोजले ते २१४ भरले. पंपांचे इंपेलर, व्हॉल्व्हची बॉडी, कडबाकुट्टीची चाकं, उसाच्या चरकाची दाताची चाकं, गिरणीचे भाग. सगळे सागवानी. आण्णा मशिनवर घासायच्या जागेला पिवळा रंग द्यायचे, कोअर (आत पोकळी राखणारा वाळूचा गाभा) टेकायच्या जागेला काळा. आतल्या कोपऱ्यात चामड्याची पट्टी किंवा मेण भरून गोलाई, नाहीतर कोपऱ्यावर बीड तडकतं. वाळूतून सरळ उचलता यावा म्हणून प्रत्येक उभी बाजू किंचित निमुळती. ३८ साचे २०१९ च्या पुरात गेले होते. त्यातले बहुतेक जुने, सरसानं जोडलेले. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा, पाण्यात भिजला की सुटतोच. फेव्हिकॉलचे काही तगले, पण लाकूड फुगून माप गेलं. माप गेलेला साचा म्हणजे सरपण. बापूंनी ते स्वतः फोडले, मला हात लावू दिला नाही.

उरलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न मी सोपा समजत होते. पण साचा ज्यानं पैसे देऊन करून घेतला त्याचा असतो, करणाऱ्याकडं तो ठेवीसारखा. आण्णांनी प्रत्येकावर पेन्सिलीनं गाव आणि कारखाना लिहून ठेवलं होतं. मी सांगली, मिरज, कोल्हापूर, कराड, सगळीकडं फोन लावत बसले. काही फौंड्र्या बंद झालेल्या, काहींनी कॉम्प्युटरवर कापलेले ॲल्युमिनियमचे साचे वापरायला सुरुवात केलेली, त्यांना लाकडी नको होते. तरी ९७ साचे मालकांनी नेले. एक म्हातारे गृहस्थ मिरजेहून एसटीनं आले, पिशवीत साचा घातला, आणि जाताना आण्णांच्या बाकाला हात लावून गेले.

कराडकडच्या एका गुऱ्हाळवाल्यांची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या जुन्या चरकाच्या दाताच्या चाकाचे तीन दात गेले होते, नवं चाक कुठं मिळेना, म्हणून ते वर्षभर हैराण. आमच्याकडच्या साच्याचा फोटो कुणीतरी त्यांना पाठवला. ते मोडकं चाक गाडीत घालून आले. साचा काढला, चाक त्यावर ठेवलं, आणि साचा चाकाच्या बाहेर सगळीकडून बारीकसा डोकावला, तेवढा आखडणारा. जुळला. बारा दिवसांनी त्यांनी ओतलेल्या नव्या चाकाचा फोटो पाठवला. तो मी आईला दाखवला, आईनं आण्णांच्या फोटोला दाखवला.

राहिलेल्यांपैकी पन्नास साचे एका आयटीआयच्या निदेशकांनी मुलांना शिकवायला नेले, अक्षरांचा डबाही त्यांनाच दिला. २९ पलूसला आणले. कुठं ठेवणार, याचं उत्तर अजून नाही, सध्या माझ्या खाटेखाली आहेत. रंधे, पटाश्या, गिरमिट, वाकस बापूंना दिले. ते घेईनात. आई म्हणाली, “त्यांनी सांगून ठेवलंय,” तेव्हा घेतले. खरंच सांगून ठेवलं होतं की आईनं तेव्हाच रचलं, मी विचारलं नाही.

बाक शेवटी काढला. दारातून जाईना. आज्ज्यानं तो आतच बांधला होता. बापूंनी चारी पायांच्या पाचरी सावकाश ठोकून काढल्या आणि बाक सहा तुकड्यांत मोकळा झाला. खिळा एकही नव्हता. उचलण्याआधी आईनं त्याला हळदीकुंकू लावलं.

लोखंड-भंगार एकूण ६ क्विंटल ४० किलो भरलं, २०,४८० रुपये आले. ते आईच्या नावावर टाकले.

८ जूनला सकाळी झाडून काढलं, किल्ली द्यायला शेजारचे दादा आले. आभाळ भरून आलं होतं. गोठ्याच्या भिंतीवर आण्णांनी ऑइल पेंटनं ओढलेल्या पुराच्या रेघा होत्या, २००५ ची खाली, २०१९ ची वर. मी दादांना म्हटलं, खताची पोती या वरच्या रेघेच्या वर ठेवायची सोय करा, निदान पावसाळ्याचे चार महिने. ते म्हणाले, “उंची सांगा, तेवढ्यावर लोखंडी मांडणी करून घेतो.” टेप गाडीत गेला होता. माझ्या पिशवीत आण्णांची पट्टी होती. ती तीनदा लावून चौथ्यांदा अर्धी लावली, बरोबर सात फूट.

“सात फूट,” मी म्हटलं.

बापू दारातून म्हणाले, “आक्का, ती आण्णांची पट्टी न्हवं? सात सूत मिळव.”

दादांनी खडूनं दारावर लिहिलं, सात फूट सात सूत.